प्रश्नावलीतील उत्तरांचे विश्लेषण : नोंदीपासून निष्कर्षापर्यंत

वाचकाला थेट विचारावे, त्याचे उत्तर लेखी घ्यावे आणि त्या उत्तरांच्या आधारे साहित्यव्यवहाराविषयी काही विधान करावे, ही पद्धत साहित्याच्या अभ्यासाला अपरिचित नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज येथे विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव न सांगता कविता ठेवल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि त्या सामग्रीवर १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध केला. वाचकसर्वेक्षण, सार्वजनिक ग्रंथालयांचा अभ्यास, नियतकालिकांच्या वाचकवर्गाचा शोध, बोलींची पाहणी, मराठीच्या अध्यापनाचे मूल्यमापन अशा विषयांत प्रश्नावली हे संशोधनाचे एक प्रमुख साधन ठरते.

प्रश्नावली कशी तयार करावी याविषयी संशोधनपद्धतीच्या ग्रंथांतून पुष्कळ मार्गदर्शन मिळते. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा हाती आल्यानंतर काय करावयाचे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा उरकून टाकला जातो. प्रत्येक प्रश्नाची एक सारणी, तिच्याखाली शेकडेवारी आणि त्याखाली तीच शेकडेवारी वाक्यरूपात, असे विश्लेषणाच्या प्रकरणाचे ठरावीक रूप बनते. वस्तुत: सारणीतील आकडे वाक्यात उतरवल्याने विश्लेषण होत नाही. उत्तरपत्रिकेवरील खूण आणि प्रबंधातील निष्कर्ष यांच्यामध्ये संशोधकाने घेतलेल्या अनेक निर्णयांची साखळी असते. हे निर्णय कोणते असतात, ते निष्कर्ष कसा बदलतात आणि म्हणून ते उघडपणे का नोंदवावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. छेद कोणता?

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. एका ग्रंथालयाच्या २०० सभासदांना प्रश्नावली दिली. त्यांपैकी १२० जणांनी ती भरून परत केली. 'आपण एखादे दलित आत्मकथन वाचले आहे काय?' या प्रश्नाला ५४ जणांनी 'होय' व ३६ जणांनी 'नाही' असे उत्तर दिले. ३० जणांनी जागा कोरी ठेवली. येथे दलित आत्मकथन वाचणाऱ्यांचे प्रमाण किती मानावयाचे? प्रश्नाला उत्तर देणारे ९० जण हा छेद धरला तर ते ६० टक्के येते. परत आलेल्या १२० प्रश्नावल्या हा छेद धरला तर ४५ टक्के, आणि ज्यांना प्रश्नावली दिली ते सर्व २०० सभासद धरले तर २७ टक्के. तिन्ही आकडे गणिताच्या दृष्टीने बिनचूक आहेत. 'साठ टक्के सभासदांनी दलित आत्मकथन वाचले आहे' हे विधान मात्र चूक आहे. कारण साठ टक्के हे प्रमाण सभासदांचे नसून उत्तर देणाऱ्यांचे आहे.

याच सामग्रीकडे आणखी एका रीतीने पाहता येते. ज्यांचे उत्तर मिळाले नाही असे एकूण ११० जण आहेत. ते सर्व न वाचणारे असतील तर सभासदांतील खरे प्रमाण २७ टक्के. ते सर्व वाचणारे असतील तर १६४ जण, म्हणजे ८२ टक्के. सत्य या दोन टोकांच्या दरम्यान कोठेतरी आहे, एवढेच ही सामग्री खात्रीने सांगते. हे अंतर कमी करण्याचे मार्ग दोनच : प्रश्नावली परत न करणाऱ्यांपैकी काहींना प्रत्यक्ष भेटून उत्तर मिळवणे, अथवा त्यांच्याविषयी जी माहिती आधीच उपलब्ध आहे (वय, लिंग, सभासदत्वाचा कालावधी, ग्रंथदेवघेवीच्या नोंदी) तिच्या आधारे उत्तर देणारे व न देणारे यांच्यातील फरक तपासणे.

अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी घेतलेला कौल या संदर्भात उद्बोधक आहे. साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या मोजणीवरून आल्फ्रेड लँडन हे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा पराभव करतील असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि लँडन यांच्या वाट्याला केवळ दोन राज्ये आली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फारच लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांच्या विजयाचे भाकीत केले होते. दूरध्वनीधारक व मोटारमालक यांच्या याद्यांमुळे सधन वर्गाकडे झुकलेला नमुना, हे या अपयशाचे कारण दीर्घकाळ सांगितले गेले. पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेरतपासणीत मात्र मतपत्रिका परत करणारे व न करणारे यांच्यातील फरकही तितकाच कारणीभूत असल्याचे दिसून आले. मोठ्या संख्येने नमुन्यातील दोष झाकला जातो. भरून निघत नाही. आज ऑनलाइन प्रश्नावलीला अल्पावधीत शेकडो उत्तरे मिळतात. तेथे प्रश्नावली किती जणांपर्यंत पोहोचली हेच ठाऊक नसते, म्हणजे छेदच अज्ञात असतो. अशा वेळी तर हे भान अधिकच आवश्यक ठरते.

कोऱ्या जागेचा अर्थही एकच नसतो. वर घेतलेल्या उदाहरणात ज्याला प्रश्न लागू नाही, ज्याला तो समजला नाही, ज्याला उत्तर द्यावयाचे नाही आणि ज्याच्या नजरेतून तो सुटला, असे चार प्रकारचे वाचक त्या तीस कोऱ्या जागांमागे असू शकतात. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) वाचलेल्या सभासदाला 'आत्मकथन' ही समीक्षेतील संज्ञा परिचित असेलच असे नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचलेला वाचक, भटक्या समाजातील लेखकाचे हे पुस्तक 'दलित' या शब्दात मोडते की नाही, या संभ्रमात जागा कोरी ठेवू शकतो. म्हणून 'लागू नाही', 'माहीत नाही' आणि 'उत्तर नाही' यांना नोंदीतच वेगवेगळे संकेतांक द्यावयास हवेत. तिन्हींना शून्य लिहिले की संगणक त्या शून्याला संख्या समजतो आणि सरासरी खाली ओढली जाते.

२. संकेतांकन : उत्तराचे वर्गात रूपांतर

उत्तरांना अंक देण्याच्या क्रियेला संकेतांकन म्हणतात. ते कारकुनी काम समजले जाते; तथापि संशोधनातील सर्वांत दूरगामी निर्णय येथेच होतात. भारतीय जनगणनेतील मातृभाषेचा प्रश्न हे याचे सर्वपरिचित आणि मराठीच्या अभ्यासकाला जवळचे उदाहरण होय. २०११ च्या जनगणनेत या एका प्रश्नाला लोकांनी दिलेल्या उत्तरांची कच्ची नोंद १९,५६९ नावांची होती. छाननी व संस्करण यांनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. १,४७४ नावे वर्गीकरण न होता 'इतर' या सदरात गेली. पुढे दहा हजार वा त्याहून अधिक भाषक असलेल्या मातृभाषांची गटवारी होऊन अंतिम सारणीत १२१ भाषा उरल्या.

ही गटवारी काय घडवते ते हिंदीच्या आकड्यावरून दिसते. २०११ मध्ये हिंदी भाषकांची संख्या ५२.८३ कोटी दाखवण्यात आली. यांपैकी आपली मातृभाषा 'हिंदी' असे नाव घेऊन सांगणारे सुमारे ३२.२ कोटी होते. भोजपुरी सांगणारे पाच कोटींहून अधिक लोक, राजस्थानी सांगणारे अडीच कोटींहून अधिक लोक आणि महाराष्ट्रातील तांड्यांवर बोलली जाणारी बंजारी, या सर्वांची गणना हिंदीखाली झाली. याउलट सुमारे साडेअठरा लाख भाषकांची खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून दाखवली गेली; मराठीच्या ८.३० कोटी या आकड्यात ती नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणातही खानदेशी मराठीच्या खंडात (खंड ७, १९०५) नव्हती, भिल्ली भाषांसोबत नवव्या खंडात होती. कोकणी मात्र तेथे मराठीच्या खंडात होती. आज कोकणी ही आठव्या अनुसूचीतील स्वतंत्र भाषा आहे.

यांपैकी कोणती गटवारी योग्य, हा भाषाविज्ञानाच्या व समाजकारणाच्या वादाचा विषय आहे. विश्लेषणाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, 'मराठी भाषक किती?' या प्रश्नाचे उत्तर घरोघर जाऊन विचारण्यात जितके ठरते, तितकेच ते कार्यालयात बसून केलेल्या गटवारीत ठरते. जनगणनेचे श्रेय असे की, मातृभाषांचे उपगट तिच्या सारण्यांत छापलेले असतात. म्हणून दुसऱ्या अभ्यासकाला गटवारी उलगडून वेगळी बेरीज करता येते. वैयक्तिक संशोधनातही हीच शिस्त असावयास हवी. 'अहिराणी', 'आयराणी', 'खानदेशी' अशी तीन उत्तरे आली असतील तर ती जशी लिहिली तशी प्रथम नोंदवावी आणि एकत्रीकरण दुसऱ्या स्तंभात करावे. प्रत्येक संकेतांकाचा अर्थ व त्यामागील नियम सांगणारी संकेतपुस्तिका प्रबंधाच्या परिशिष्टात असावी. 'इतर' हे सदर एकूण उत्तरांच्या मोठ्या हिश्श्याएवढे फुगले असेल, तर वर्ग चुकले आहेत असे समजून पुन्हा मूळ उत्तरांकडे जावे.

३. मुक्त उत्तरांचे वर्गीकरण

'ही कादंबरी आपल्याला का आवडली?' अशा मुक्त प्रश्नाची उत्तरे साहित्याच्या अभ्यासकाला सर्वाधिक मोलाची वाटतात आणि विश्लेषणात तीच सर्वाधिक वाया जातात. एक-दोन लक्षवेधी उत्तरे उद्धृत करून बाकीची बाजूला ठेवली जातात. रिचर्ड्स यांच्या कामाचे महत्त्व येथे ध्यानात येते. त्यांनी अभिप्रायांतून वाचनाच्या दहा अडचणी निश्चित केल्या. सरळ अर्थच न लागणे, साचेबंद प्रतिसाद, भावविवशता, वैयक्तिक आठवणींचा अप्रस्तुत शिरकाव, मतप्रणालीचा अडसर, तंत्राविषयीच्या पूर्वकल्पना ही त्यांतील काही नावे. हे वर्ग आवडनिवडीच्या मोजणीपलीकडे जातात आणि वाचनाची प्रक्रिया उलगडतात. सामग्रीतून वर्ग घडवणे आणि आधी ठरवलेल्या वर्गांत सामग्री कोंबणे यांतील अंतर या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

वर्ग ठरल्यानंतर ते एकट्या संशोधकाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत ना, हे तपासावे लागते. त्यासाठी तीच उत्तरे दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे वर्गीकृत करून घेतात. समजा, १०० उत्तरांचे 'आशयाविषयी' आणि 'शैलीविषयी' असे दोन वर्ग केले. दोघांनीही ७० उत्तरे पहिल्या व ३० दुसऱ्या वर्गात घातली आणि ८० उत्तरांबाबत त्यांचे एकमत झाले. ८० टक्के एकमत दिसावयास भरघोस आहे. परंतु दोघांनी उत्तरे न वाचता याच प्रमाणात वर्ग वाटले असते, तरी योगायोगाने ५८ टक्के एकमत झाले असते (०.७ × ०.७ अधिक ०.३ × ०.३). योगायोगापलीकडचे जास्तीत जास्त शक्य एकमत ४२ टक्के आणि प्रत्यक्षात साधलेले २२ टक्के. म्हणजे गुणांक सुमारे ०.५२. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कप्पा' गुणांक तो हाच. या उदाहरणातील एकमत मध्यम प्रतीचे ठरते. वर्गांच्या व्याख्या अधिक नेमक्या करून पुन्हा वर्गीकरण करणे इष्ट होय.

४. अंकाचा अधिकार

संकेतांक म्हणून लिहिलेला प्रत्येक अंक गणितास पात्र असतोच असे नाही. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या चार श्रेणी सांगितल्या : नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक व गुणोत्तरदर्शक. मराठीला १, कोकणीला २ आणि उर्दूला ३ असे संकेतांक दिले तर ते केवळ नावाऐवजी आलेले अंक असतात. त्यांची सरासरी निरर्थक असते, फक्त वारंवारता व बहुलक सांगता येतो. महाराष्ट्रातील शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड ही वर्गवारी क्रमदर्शक आहे. अ हा ब पेक्षा वरचा, पण किती वरचा हे ती सांगत नाही. वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची संख्या गुणोत्तरदर्शक आहे. दहा ही पाचाची दुप्पट होय, असे तेथे म्हणता येते.

रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ मधील प्रबंधापासून रूढ झालेली 'पूर्णत: सहमत' ते 'पूर्णत: असहमत' ही पंचबिंदू श्रेणी एका विधानापुरती क्रमदर्शक असते. तिचा मध्यक सांगावा आणि उत्तरांचे वितरण दाखवावे. अर्धे वाचक एका टोकाला व अर्धे दुसऱ्या टोकाला असतील तर सरासरी ३ येते आणि 'वाचक तटस्थ आहेत' असा नेमका उलटा निष्कर्ष निघतो. अनेक विधानांची बेरीज करून वृत्तीचा एक गुण काढावयाचा असेल, तर नकारार्थी विधानांचे गुण आधी उलटवावे लागतात; तसेच ती विधाने एकाच वृत्तीचे मापन करतात काय, हे क्रॉनबाख यांच्या आल्फा गुणांकासारख्या (१९५१) कसोटीने पाहावे लागते.

५. तुलना, कसोटी आणि तिसरा घटक

एकेका प्रश्नाची शेकडेवारी वर्णन करते; दोन प्रश्न एकमेकांसमोर ठेवल्यानंतर स्पष्टीकरणाला आरंभ होतो. पहिल्या उदाहरणातील उत्तर देणाऱ्या ९० सभासदांची वयानुसार विभागणी केली. पस्तिशीच्या आतील ४० पैकी ३० जणांनी (७५ टक्के) व त्यावरील ५० पैकी २४ जणांनी (४८ टक्के) 'होय' म्हटले. वयाचा संबंध नसता तर दोन्ही गटांत ६० टक्के, म्हणजे अनुक्रमे २४ व ३० 'होय' अपेक्षित होते. प्रत्येक घरातील प्रत्यक्ष व अपेक्षित संख्येतील फरक ६ आहे. त्याचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येने (२४, १६, ३०, २०) भागले व बेरीज केली की १.५० + २.२५ + १.२० + १.८० = ६.७५ हे मूल्य मिळते. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग कसोटी ती हीच. एका स्वातंत्र्यमात्रेसाठी एक टक्का पातळीवरील सारणीमूल्य ६.६३ आहे, म्हणजे एवढा फरक केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी.

येथे थांबून 'तरुण वाचक दलित आत्मकथनाकडे अधिक वळतो' असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु शिक्षण हा तिसरा घटक घेतल्यावर याच उदाहरणात पुढील चित्र दिसू शकते. महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या तरुणांपैकी ३० त २७ आणि प्रौढांपैकी २० त १८ जणांनी वाचले आहे. दोन्हीकडे ९० टक्के. महाविद्यालयात न गेलेल्या तरुणांपैकी १० त ३ आणि प्रौढांपैकी ३० त ६. म्हणजे ३० व २० टक्के. सत्तावीस टक्क्यांचा फरक एका गटात नाहीसा झाला व दुसऱ्यात दहावर आला. तोही दहा जणांच्या गटावर आधारलेला, जेथे एका व्यक्तीचे उत्तर म्हणजे दहा टक्के. वयाचा म्हणून दिसलेला परिणाम बहुतांशी शिक्षणाचा होता आणि कदाचित त्यामागे अभ्यासक्रमात नेमलेली पुस्तके असतील. अशा वेळी 'अभिरुची' हा शब्द वापरण्यापूर्वी, पुस्तक स्वेच्छेने वाचले की परीक्षेसाठी, हे विचारलेले असावयास हवे.

कसोटीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्या लागतात. ती यादृच्छिक नमुना गृहीत धरते. स्वत:हून उत्तर देणाऱ्यांच्या गटात असलेला झुकाव ती दूर करीत नाही. अपेक्षित संख्या पाचाहून कमी असलेली घरे असल्यास तिचे मूल्य विश्वसनीय राहत नाही. पाच टक्के पातळीवर शंभर सारण्या तपासल्या तर प्रत्यक्षात कोणताही संबंध नसतानाही सरासरीने पाच सारण्या 'सार्थक' निघतील. म्हणून कोणते संबंध तपासावयाचे हे परिकल्पनेच्या आधारे आधीच ठरवावे आणि जे संबंध आढळले नाहीत तेही नोंदवावेत. शिवाय सार्थकता म्हणजे महत्त्व नव्हे. फार मोठ्या नमुन्यात दोन टक्क्यांचा फरकही सार्थक ठरतो. साहित्यविचारात त्याला किती स्थान द्यावयाचे, हा निर्णय अभ्यासकाचाच असतो.

समारोप

वरील विवेचनाचा उपयोग निष्कर्षाच्या वाक्यरचनेत दिसावयास हवा. 'साठ टक्के सभासद दलित आत्मकथने वाचतात' या वाक्याऐवजी संशोधकाला असे लिहिता येईल : 'प्रश्नावली दिलेल्या २०० सभासदांपैकी १२० जणांनी ती परत केली, या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या ९० जणांपैकी ५४ जणांनी किमान एक दलित आत्मकथन वाचल्याचे सांगितले. हे प्रमाण महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्यांत ९० टक्के व इतरांत साडेबावीस टक्के होते. उत्तर न देणाऱ्या ११० सभासदांविषयी या सामग्रीवरून विधान करता येत नाही.' हे वाक्य लांबते, त्यातील दावा संकोचतो; पण पुढील अभ्यासकाला त्यावर विसंबता येते, ते तपासता येते आणि गरज पडल्यास खोडूनही काढता येते.

दलित आत्मकथनाचा वाचक कोण, खानदेशातील मुलाची मातृभाषा कोणती, ग्रामीण ग्रंथालयात कविता कोण मागते, या प्रश्नांच्या उत्तरांवर अभ्यासक्रम, ग्रंथखरेदी आणि भाषाविषयक धोरणे आधारली जातात. कोऱ्या जागेमागचा आणि 'इतर' या सदरातला माणूस त्या निर्णयांत मोजला जाईल की नाही, हे प्रश्नावली वाटण्याच्या वेळी अर्धेच ठरते. उरलेले अर्धे संकेतपुस्तिकेत, सारणीच्या छेदात आणि निष्कर्षाच्या शब्दांत ठरत असते.